रस्त्यावर आणि ड्रॅग रेसमध्ये एकच गाडी : सेफ्टी हार्नेस कसा निवडावा?

काही तरुण रोज ऑफिसला नेतात तीच गाडी सुट्टीच्या दिवशी ड्रॅग रेसमध्ये उतरवतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. अशा गाडीतला कंपनीचा सीट बेल्ट काढून रेसिंगचा हार्नेस बसवला, तर गाडी जास्त सुरक्षित होते का, असे घरचे लोक विचारतात. थोडक्यात उत्तर असे : स्पर्धेत योग्य हार्नेस जीव वाचवतो, पण सोबतची बाकी साधने नसतील तर रस्त्यावर तोच हार्नेस घातक ठरू शकतो.

पट्टा शरीराला कसा वाचवतो?

गाडी आदळून थांबते, पण आतले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. पट्टा त्याला अडवतो. हा भार मजबूत हाडांवर पडायला हवा : कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडे, छातीचा पिंजरा आणि हासळीचे हाड. तो मऊ पोटावर किंवा मानेवर पडला, तर पट्ट्यामुळेच इजा होते.

गाडीसोबत येणारा तीन-बिंदू बेल्ट व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी विकसित केला. १९५९ पासून तो गाड्यांत बसवला जाऊ लागला. आजच्या गाड्यांत एअरबॅग आणि हा बेल्ट एकमेकांशी जुळवूनच बनवलेले असतात.

हार्नेसचे प्रकार

• चार-बिंदू : दोन पट्टे कमरेवर, दोन खांद्यांवर. धडकेच्या वेळी खांद्याचे पट्टे मधले बकल वर ओढतात. कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. त्यामुळे आतडे फाटू शकते, यकृत व प्लीहेला इजा होऊ शकते, कमरेच्या मणक्याचे हाड मोडू शकते. काही खास चार-बिंदू हार्नेसमध्ये हे घसरणे टाळण्याची रचना असते, पण ती ठरावीक गाड्या आणि सीटसाठीच मान्य असते.
• पाच-बिंदू : मांड्यांमधून जाणारा एक जास्तीचा पट्टा बकल खाली धरून ठेवतो.
• सहा-बिंदू : मांड्यांमधून दोन पट्टे जातात. भार विभागला जातो आणि जांघेवर कमी ताण येतो. स्पर्धेसाठी हा प्रकार चांगला.

रस्त्यावर हार्नेस का नको?

• गाडी उलटून छत दबले, तर तीन-बिंदू बेल्टमध्ये शरीराला बाजूला झुकायला थोडी जागा मिळते. हार्नेस मात्र पाठ ताठ धरून ठेवतो आणि छताचा सगळा दाब मानेवर येतो. म्हणून रोल बारशिवाय हार्नेस वापरू नये.
• रोल बार बसवला, तर हेल्मेट नसलेले डोके त्या लोखंडी नळीवर आपटू शकते. रस्त्यावर हेल्मेट घालून कोणी गाडी चालवत नाही.
• घट्ट हार्नेसमध्ये वाकून बाजूला पाहता येत नाही. मग लोक पट्टे सैल करतात, आणि सैल हार्नेस धडकेत नीट काम करत नाही.

म्हणून कंपनीचा बेल्ट काढू नका. रस्त्यावर तो, स्पर्धेत हार्नेस, अशी दोन्हींची सोय ठेवा. सीट बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे, हेही लक्षात असू द्या.

मानेचे काय?

हार्नेस दोन्ही खांदे घट्ट धरतो, पण हेल्मेटसह जड झालेले डोके मोकळेच राहते. जोरदार धडकेत ते पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाचे हाड मोडू शकते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेतील डेटोना शर्यतीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू याच इजेने झाला. त्याच वर्षी नॅसकारने डोके-मान आधार सक्तीचा केला. ‘हॅन्स’ हे त्यातले प्रसिद्ध साधन. हार्नेसच्या खर्चातच हेल्मेट आणि हॅन्स धरा.

विकत घेताना आणि बसवताना

• एसएफआय किंवा एफआयएचे लेबल आणि त्यावरची तारीख पाहा. एसएफआय १६.१ मानकाच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षे असते. एफआयएच्या लेबलवर शेवटचे वर्ष छापलेले असते.
• जुना, उन्हाने विटलेला, उसवलेला किंवा एकदा अपघात झेललेला पट्टा वापरू नका.
• कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली हाडावर हवा. आधी तो घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे.
• खांद्याचे पट्टे मागे साधारण आडवे किंवा थोडेसेच उतरते जावेत, अंदाजे २० अंशांपर्यंत. ते मागच्या फरशीला बांधले, तर धडकेत मणका वरून खाली दाबला जातो.
• पट्टे ओवण्यासाठी योग्य छिद्रे असलेली सीट हवी.
• स्पर्धेची नियमपुस्तिका वाचा आणि काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या.
• बकल कसे सुटते, हे घरच्यांना आणि सोबत्यांना शिकवून ठेवा.

अपघातानंतर केव्हा धोका समजावा?

शुद्धीवर असलेला, चालणारा माणूस ठीकच आहे असे समजू नका. पुढीलपैकी काही दिसल्यास १०८ ला फोन करा किंवा लगेच मोठ्या रुग्णालयात न्या :

• पोटावर पट्ट्याच्या आकाराचा वळ, वाढती पोटदुखी, उलट्या, पोट कडक होणे. आतड्याची इजा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही लक्षात येते.
• मानेवर वळ, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे.
• मान किंवा पाठ दुखणे, हातापायांना मुंग्या येणे. अशा वेळी आग किंवा दुसरा धोका नसेल, तर रुग्णाला ओढून बाहेर काढू नका. मान स्थिर धरा.
• कान-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, गुंगी, श्वासाला त्रास.

डॉक्टरांना ‘हार्नेस लावला होता, तो अमुक प्रकारचा होता’ हे आवर्जून सांगा. इजा कुठे शोधायची आणि सीटी स्कॅन करायचा का, हे ठरवताना या माहितीचा उपयोग होतो.