झिलमिल झील : गंगाकाठच्या बारशिंग्यांचे आश्रयस्थान

उत्तराखंडातील हरिद्वार वनविभागात, गंगेच्या डाव्या तीरावर, झिलमिल झील हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. हरिद्वारहून नजीबाबादकडे जाणारा महामार्ग आणि गंगेचे पात्र यांच्या दरम्यान ते पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,७८३ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३८ चौरस किलोमीटर आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी त्यास हा दर्जा देण्यात आला. राज्याचे नाव तेव्हा उत्तरांचल असे होते. दलदलीत राहणाऱ्या उत्तरेकडील बारशिंग्यांचा उत्तराखंडातील प्रमुख कळप येथे आहे. या हरणासाठीच हे क्षेत्र राखण्यात आले.

नावात झील असली तरी हे खुले सरोवर नव्हे. मध्यभागी बशीसारखा उथळ खोलगट भाग आहे, त्यात उंच गवत, लव्हाळे आणि चिखल. भोवती झुडपी रान, खैर व शिसवीची झाडी आणि वनविभागाने पूर्वी लावलेली निलगिरीची रोपवने आहेत. शिवालिकच्या डोंगरांवर पडणारा पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरतो. या पट्ट्यास भाबर म्हणतात. तेथे नदीनाले अनेकदा वाळूखाली लुप्त होतात आणि तेच पाणी पुढे सखल भागात झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्या ओलसर पट्ट्याचे नाव तराई. झिलमिलचा ओलावा अशा पाझरावर टिकून आहे. त्यामुळे दलदलीचे रक्षण करताना तिच्या वरच्या बाजूचे रान वगळून चालत नाही. पाणी ओढून घेणारी रोपवने वाढली किंवा पाझराची वाट बदलली, तर दलदलीस हात न लावताही ती आटू शकते.

एकेकाळी तराईचा असा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी दूरवर पसरलेला होता. हिवतापाच्या भयाने तेथे वस्ती विरळ होती. स्वातंत्र्यानंतर हिवताप आटोक्यात आला, फाळणीतील निर्वासितांचे पुनर्वसन झाले, आणि गवताळ दलदली मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आल्या. बारशिंग्याची जागा त्यातच गेली. चितळ किंवा सांबर बदललेल्या रानातही तग धरतात. बारशिंग्याचे तसे नाही. तो जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो आणि त्याचे फाकणारे खूर चिखलात चालण्यास अनुकूल असतात. मादी एका वेळी बहुधा एकाच पाडसाला जन्म देते, म्हणून घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. जागतिक पातळीवर ही जाती असुरक्षित गणली जाते आणि भारतीय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे.

बारशिंग्याच्या तीन उपजाती आहेत. मध्य प्रदेशातील कान्हा येथील बारशिंगा कठीण भूमीवर राहणारा असून १९७० मध्ये त्याची संख्या अवघ्या ६६ वर आली होती. पूर्वेकडील उपजाती आसामात काझीरंगा परिसरात आढळते. तिसरी, म्हणजे झिलमिलची, उत्तर प्रदेशातील दुधवा आणि नेपाळमधील शुक्लाफांटा येथेही आहे. कान्हातील प्राणी राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षणात सावरले आणि त्यासाठी तेथील गावे हलविण्यात आली. झिलमिलला तो मार्ग उपलब्ध नव्हता. येथे महामार्ग, शेते आणि वस्त्या अगदी लगत आहेत. राजाजी उद्यानातून हलविलेल्या वनगुज्जर कुटुंबांची गैंडीखाता वसाहतही याच परिसरात आहे.

अशा जागांसाठी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने नवी तरतूद करण्यात आली. त्यापूर्वी संरक्षण म्हणजे मुख्यतः राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य एवढेच होते. कलम ३६-अ अन्वये राज्य शासन स्वतःच्या मालकीची जमीन, विशेषतः उद्याने व अभयारण्यांना लागून असलेली किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारी, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून संवर्धन राखीव म्हणून घोषित करू शकते. आतील लोकांचे हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाहीत. व्यवस्थापनासाठी सल्लागार समिती असते. तीत वनविभागाबरोबर संबंधित ग्रामपंचायतींचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे तीन, तसेच कृषी व पशुसंवर्धन विभागांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी घेतला जातो. पशुसंवर्धन विभागाचे नाव पाहून नवल वाटू शकते. परंतु गुरांची चराई हाच वादाचा मुद्दा असेल, तेथे ते योग्यच आहे. महाराष्ट्रात नाशिकजवळील बोरगड आणि सिंधुदुर्गातील तिलारी ही याच वर्गातील क्षेत्रे होत.

झिलमिलच्या झुडपी रानाकडे बाहेरचे लोक सहसा पडीक जमीन म्हणून पाहतात. प्रत्यक्षात दलदलीतून बाहेर पडणाऱ्या हरणांना आडोसा याच रानात मिळतो. बारशिंग्याशिवाय चितळ, सांबर, भेकर आणि पाडा हीही हरणे या क्षेत्रात आहेत. एकाच लहानशा जागेत हरणांच्या पाच जाती आढळणे दुर्मीळच म्हणावे लागेल. बिबट्याचा वावर आहे आणि हत्तीही येतात. या रानात घाणेरीसारखी परकी झुडपे पसरली, की मात्र आडोसा उरतो आणि चारा नाहीसा होतो. गुरांची चराई, गवताची कापणी आणि पाडसांवर पडणारी मोकाट कुत्री यांचा ताण निराळाच.

सर्वांत अवघड प्रश्न सीमेचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी येथील बारशिंग्यांना रेडिओ पट्टे बांधून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला. तेव्हा हे प्राणी वर्षभर झिलमिलमध्येच राहत नाहीत, असे दिसून आले. वर्षाचा काही काळ ते गंगेच्या खोऱ्यात खालच्या अंगाला असलेल्या बाणगंगा पाणथळाकडे जातात आणि पुन्हा परततात. वाटेत नदीकाठचे गवताचे तुकडे आहेत, तशीच उसाची शेतेही आहेत. उंच उसात कळपाला लपता येते, परंतु पीक तुडवले जाते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते. तोडणी झाली, की तो आडोसाही एकाएकी नाहीसा होतो. नदीकाठचे गवत तर पुराबरोबर जागा बदलते. आज जेथे बेट आहे, तेथे पुढील पावसाळ्यानंतर प्रवाह असू शकतो. संवर्धन राखीव क्षेत्र केवळ शासकीय जमिनीवर घोषित करता येते, त्यामुळे वाटेतील खासगी उसाची शेते या तरतुदीत बसत नाहीत. बाणगंगेचे पाणथळही २००५ च्या अधिसूचनेतील सीमेबाहेरच आहे.