मैदानाचा सातबारा

१९८२ साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २६ ऑगस्टला जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. १९ नोव्हेंबरला दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे उद्घाटन नव्याकोऱ्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. एकीकडे देशाच्या राजधानीत काँक्रीटची प्रचंड वास्तू उभी राहिली होती. दुसरीकडे एका जिल्ह्याला कचेऱ्या, निवासस्थाने, शाळा आणि मैदान हे सगळेच पहिल्यापासून उभारायचे होते. या दोहोंमध्ये तिसरी एक तारीख उभी आहे, ती म्हणजे २५ ऑक्टोबर १९८०. त्या दिवसापासून वन (संवर्धन) कायदा लागू झाला आणि वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली असलेला जिल्हा या कायद्यानंतर दोन वर्षांनी जन्माला आला.

स्टेडियम रखडले की आपण निविदा, कंत्राटदार, निधी आणि पुढारी यांची चर्चा करतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. रखडलेल्या मैदानाच्या काळात खेळ कुठे जातो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना आधी दिल्ली, लंडन, मुंबई आणि मडगाव फिरावे लागते. मग आपल्या झाडीपट्टीत परतता येते.

फुटबॉलचा भारतातील सर्वांत मोठा विजयच मुळी उशिरा आणि दुरुस्त केलेल्या मैदानावर झाला. पहिल्या आशियाई स्पर्धा १९५० मध्ये व्हायच्या होत्या. तयारी झाली नाही म्हणून त्या ४ ते ११ मार्च १९५१ या काळात झाल्या. नवे स्टेडियम बांधण्याऐवजी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये उभे राहिलेले आयर्विन अँफिथिएटर वापरात आणले गेले आणि त्याचेच नाव नॅशनल स्टेडियम झाले. तिथे अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवले. गोल साहू मेवालाल यांचा. आज ही जागा मेजर ध्यानचंद यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती हॉकीची आहे. हॉकीवाल्यांना त्याबद्दल बोल लावायचे कारण नाही. पण 'राष्ट्रीय' म्हणावे असे फुटबॉलचे मैदान जिथे होते, तिथे फुटबॉल उरला नाही, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

ज्यांच्याकडे पैसा आणि परंपरा दोन्ही आहे, त्यांचीही मैदाने रखडतात. लंडनचे वेम्बली हे इंग्लंडचे राष्ट्रीय फुटबॉल मैदान. ऑक्टोबर २००० मध्ये जर्मनीविरुद्धच्या सामन्यानंतर ते बंद झाले. नवे वेम्बली उघडायला मार्च २००७ उजाडला. मधल्या काळात, २००१ ते २००६, एफए चषकाचे सहाही अंतिम सामने वेल्सची राजधानी कार्डिफ येथे झाले. २००६ चा सामना तरी नव्या मैदानावर व्हावा असा बेत होता, तोही फसला. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ या वर्षांत मँचेस्टर, लिव्हरपूल अशा गावांतून फिरत खेळला. लंडनच्या बाहेरच्या प्रेक्षकांना आपला संघ दारात पाहायला मिळाला. उशिराची सोय झाली, कारण प्रत्येक मोठ्या गावात एक तयार स्टेडियम होते.

आता मुंबई. रोव्हर्स चषक ही तिथे १८९१ मध्ये सुरू झालेली स्पर्धा होती, आणि तिचे घर होते कूपरेज. कूपर म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा. त्या धंद्याची जागा पुढे फुटबॉलची झाली. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा हा चषक जिंकला, त्या काळची आठवण काढणारे म्हातारे आजही भेटतात. दक्षिण मुंबईतल्या जमिनीच्या भावात कूपरेज टिकून राहिले हेच नवल. पण ते लहानच राहिले. नव्या शतकात राष्ट्रीय लीगचे नियम कडक झाले आणि कूपरेजचे नूतनीकरण लांबले, तेव्हा मुंबई एफसीसारख्या क्लबला काही हंगाम आपले 'घरचे' सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. घर दीडशे किलोमीटरवर! बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले, म्हणजे मुळात धावपट्टीचे. तिथे गोलपोस्ट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये आठ लेनचे अंतर असते.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारताला मिळाला. सामने २०१७ मध्ये दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणी झाले. चार वर्षे हाताशी होती, पण या सहांपैकी एकही मैदान त्या स्पर्धेसाठी नव्याने बांधलेले नव्हते. महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमने केले. २००८ मध्ये उघडलेले हे खासगी मैदान बांधले होते क्रिकेटसाठी, आणि पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथेच झाला होता. २०२२ च्या महिलांच्या आशियाई चषकाची ठिकाणे बदलली. आधी अहमदाबाद आणि भुवनेश्वर यादीत होती. साथीच्या काळात प्रवास कमी करण्यासाठी सगळे सामने नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी येथे आणले गेले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नेरूळलाच झाला. देशातले सर्वांत श्रीमंत राज्य फुटबॉलचे मोठे सामने घेते ते क्रिकेटच्या मैदानावर, महापालिकेच्या क्रीडासंकुलात आणि धावपट्टीच्या मधल्या गवतावर. याला मी अपयश म्हणत नाही. सामने झाले, चांगले झाले.

२०१७ चाच एक प्रसंग. गुवाहाटीचे इंदिरा गांधी स्टेडियम २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले. त्या स्पर्धाही दोन वर्षे लांबल्या होत्या. ब्राझील विरुद्ध इंग्लंड हा उपांत्य सामना तिथे व्हायचा होता. पावसाने मैदानाची अवस्था बिघडली आणि अगदी आयत्या वेळी सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर हलवला गेला. २५ ऑक्टोबरला तो झालाही. इंग्लंडने तो ३-१ असा जिंकला. गुवाहाटीकरांच्या हातून सामना गेला, पण स्पर्धा अडली नाही.

गोव्याचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. मडगावचे फातोर्डा स्टेडियम १९८९ च्या सुरुवातीला, सहा-सात महिन्यांच्या कामानंतर, नेहरू चषक फुटबॉलसाठी उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. म्हणजे मैदानांची उसनवारी उलट दिशेनेही चालते. आणि याच गोव्याला ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा घ्यायच्या होत्या. त्या २०१६ पासून पुढे ढकलत गेल्या. मग महामारी आली. शेवटी ३६ वी स्पर्धा २०२२ मध्ये गुजरातने घेतली आणि गोव्याने ३७ वी २०२३ मध्ये घेतली, उद्घाटन फातोर्ड्यावरच. सहा महिन्यांत स्टेडियम बांधणारे राज्य आणि सात वर्षे स्पर्धा लांबवणारे राज्य एकच.

या सगळ्या गोष्टींत एक गृहीतक दडले आहे. मैदान रखडले तर दुसरे असते. मुंबईला पुणे असते, वेम्बलीला कार्डिफ असते. धानोरा, एटापल्ली किंवा भामरागडला काय असते?

चंद्रपूर शहराचे थोडे वेगळे आहे. हे जुने जिल्ह्याचे ठिकाण. इंग्रज अमलाच्या काळापासूनच्या मोकळ्या जागा शहरात आहेत. चांदा क्लब ग्राउंडवर प्रदर्शनेही भरतात आणि सभाही होतात. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठे क्रीडासंकुल उभे राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. सुधीर मुनगंटीवार यांनी तो विषय लावून धरला होता. ते त्या वेळी जिल्ह्याचे पालकमंत्री होते आणि राज्याचे वनमंत्रीही. आपल्याकडे संकुल उभे राहायला काय काय जुळून यावे लागते, हे यावरून कळते.

गडचिरोलीकडे येताना आधी मोजमाप करू. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी प्रचलित फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. व्हॉलीबॉलचे मैदान १८ बाय ९, म्हणजे १६२ चौरस मीटर. एका फुटबॉलच्या मैदानात व्हॉलीबॉलची ४४ मैदाने बसतात. आमच्या भागात व्हॉलीबॉल आणि कबड्डी का फोफावली, याची कारणे लोक स्वभावात शोधतात. मला ती आधी जमिनीच्या क्षेत्रफळात दिसतात. पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा आश्रमशाळेच्या अंगणात जाळे बांधता येते. फुटबॉल खेळायचा तर पोरे धान कापून झाल्यावर बांध्यांमध्ये उतरतात, नाहीतर गुरे गोळा होतात त्या आखरावर. त्याच मोकळ्या जागेत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री नाटकाचा मंडप उभा राहतो. पर्यायी मैदान म्हणायचे तर हेच.

मग गावाने कायमचे मैदान करायला काय हरकत आहे? इथे कायद्याचा कागद उघडावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या १३ सोयींसाठी वनजमीन देण्याची सोपी वाट आहे. ग्रामसभेची शिफारस हवी, जागा प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी हवी, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, तळी, रस्ते, समाजमंदिर असे सगळे त्या यादीत आहे. खेळाचे मैदान नाही. फुटबॉलचे मैदान एक हेक्टरात सहज बसते, पण यादीत बसत नाही. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढली, तर शाळेच्या इमारतीच्या निकषांत क्रीडांगण आवश्यक म्हटले आहे. तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन केंद्रीय कायद्यांनी एकमेकांकडे पाहिलेले नाही. व्यवहारी तोड अशी, की शाळेच्या जागेच्या प्रस्तावातच मैदान मोजून घ्यावे. मेंढा (लेखा) सारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवताना जो चिवटपणा दाखवला, तो अशा प्रस्तावांनाही लागेल.

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न झुडपी जंगलाचा. मध्य प्रांताच्या काळात गावाजवळची खडकाळ, झुडपांची, पिकाला निकामी जमीन चराई आणि निस्तारासाठी राखलेली असे. महसुली कागदांत ती 'झुडपी जंगल' म्हणून चढली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी ८६,४०९ हेक्टर जमीन प्रश्नात होती. तिच्यावर घरे झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या आणि दफनभूमीही झाल्या. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा व्यापक अर्थ लावला. कागदावर जे वन, ते वन, मालकी कोणाचीही असो. त्यानंतर झुडपीच्या प्रत्येक तुकड्यावर टांगती तलवार आली.

२२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने याचा निकाल दिला. झुडपी जमीन ही वनजमीनच मानली जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत दिलेल्या जमिनींसाठी राज्याने प्रत्येक जिल्ह्याचा एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचा आहे, आणि त्यांना भरपाई वनीकरणाची अट नाही. त्या तारखेनंतर दिलेल्या जमिनींना कडक चाळणी आहे. ती जमीन का दिली हे सांगायचे आणि ज्या अधिकाऱ्यांनी दिली त्यांच्यावर कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच प्रस्ताव पुढे सरकेल. न वाटलेले, जंगलाला न लागलेले, तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित व्हायचे आहेत. पर्यावरणाच्या बाजूने पाहता हा निकाल मला योग्यच वाटतो, कारण झुडपीच्या नावाखाली बिल्डरांनी काय काय गिळले असते ते सांगायला नको.

मैदानांच्या बाबतीत मात्र या तारखा फार विचित्र पडतात. राज्यात तालुका आणि जिल्हा क्रीडासंकुलांची योजना जोमाने आली ती २००० नंतर. म्हणजे गडचिरोलीच्या १२ तालुक्यांत कुठेही संकुलासाठी झुडपी जमीन दिली गेली असेल, तर ती आपोआप कडक गटात जाते. उलट गावाचे जुने खेळायचे मैदान १९९६ च्या आधीचे असते, पण ते कोणी कोणाला 'दिलेले' नसते. शाळेला खोल्यांपुरती जागा मिळाली, पोरे मागच्या पडीक भागात खेळू लागली, गावाने गोलचे खांब रोवले. त्याचा आदेश निघत नाही. सातबाऱ्यावर ती जागा अजून झुडपीच. आणि ती तीन हेक्टरांहून लहान असते, कारण मैदान एवढेच असते.

जिल्ह्याचा एकत्रित प्रस्ताव तलाठ्याच्या नोंदींवरून तयार होतो. त्यात शाळा, दवाखाना, कचेरी, वस्ती यांचा वापर दाखवणे सोपे आहे, कारण तिथे इमारत दिसते. मोकळी जागा मोजणीदाराला मोकळीच दिसेल. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेच्या तपासणीचे शेरे, क्रीडास्पर्धांच्या परवानग्या यांत त्या जागेचा उल्लेख शोधून गट क्रमांकासह तहसीलदारांकडे दिला नाही, तर ती न वाटलेल्या तुकड्यांच्या यादीत जाईल, आणि पुढच्या वेळी खांब रोवायला गेलेल्या पोरांना वनरक्षक अडवील.