सिंधू कोण झाली होती?

आज जरा नाटकाबद्दल बोलू.

राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलं असेल. सुधाकर हुशार वकील. एका प्याल्यापासून सुरुवात होते आणि संसार धुळीला मिळतो. त्याची बायको सिंधू. माहेर श्रीमंत, पण ती नवऱ्याला सोडत नाही. शेवटी सुधाकरच्या हातून नशेत मूल जातं, सिंधूही मरणाच्या दारात जाते. फौजदार जबाब घ्यायला येतो, तेव्हाही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही.

हे नाटक रंगभूमीवर आलं 1919 साली. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले, त्यांना प्रयोग बघायलाच मिळाला नाही. सुधाकर झाले होते गणपतराव बोडस. आणि सिंधू? सिंधू झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. तिशीतला पुरुष.

तेव्हा चांगल्या घरच्या बाईने रंगमंचावर उभं राहायचं नाही, अशी रीत होती. म्हणून पुरुषच बायका व्हायचे. बायकांच्या स्वतंत्र नाटक कंपन्याही होत्या, तिथे बायका पुरुष व्हायच्या, पण त्यांना तो मान नव्हता. बालगंधर्वांचा थाट असा की शहरातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखी केशरचना करू लागल्या. बाई कशी दिसावी, हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! मला याचं हसूही येतं आणि थोडा रागही येतो.

बालगंधर्वांचा गळा अलौकिक होता, त्यात वादच नाही. पण त्यामुळे सिंधूचं दुःख गोड झालं. त्याच नाटकात गीता आहे, तळीरामाची बायको. ती दारुड्या नवऱ्याबद्दल फटकळपणे बोलते. लोकांच्या लक्षात मात्र राहिली गाणारी, सोसणारी सिंधू. कंपनीचा सगळ्यात मोठा नट ज्या भूमिकेत उभा राहतो, तीच भूमिका लोक आदर्श म्हणून घरी घेऊन जातात.

पुढे काळ बदलला. 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी बहिणींना घेऊन स्वतःची नाटकं सुरू केली. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या.

आता आमच्या गावची गोष्ट. एका 8 मार्चला गटाने जबाबाचा तो प्रवेश बसवला. सुधाकर व्हायला गावातला एकही पुरुष तयार होईना. शेवटी आमच्या गटाच्या सचिव धोतर नेसून उभ्या राहिल्या. सिंधूसाठी कॉलेजात जाणारी, गोड आवाजाची मुलगी घेतली. तालमीत ती बोलली की सगळ्या पदराने डोळे पुसायच्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला ताप आला. ऐनवेळी गटातल्या एक मावशी उभ्या राहिल्या. वय पन्नाशीचं, आवाज रानात हाका मारून घोगरा झालेला. संवाद ऐकून ऐकून पाठ होते. फौजदाराने विचारलं, तसं मावशींनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी सुधाकरकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग खाली बघून, जमाखर्च वाचावा तशा सरळ आवाजात जबाब दिला. शब्द तेच, गडकऱ्यांचे. एकीनेही डोळे पुसले नाहीत. मंडपात चिडीचूप.

मुलगी बोलायची तेव्हा वाटायचं, केवढं हे प्रेम. मावशी बोलल्या तेव्हा कळलं, ही बाई खोटं बोलतेय आणि तिला ते ठाऊक आहे. गडकऱ्यांना यातलं काय अभिप्रेत होतं, ते मी कसं सांगू? पण बालगंधर्वांच्या सुरात मावशींचं ते बघणं मावलं असतं, असं मला वाटत नाही.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्यांदा विचारलं, “अगं, पण ही खरं का सांगत नाही?”

फौजदार झालेल्या ताईंना पुढचं वाक्य आठवेना. पडदा नव्हताच आमच्याकडे. आजींच्या प्रश्नावर बायका तिथेच बोलायला लागल्या, आणि चहा गार होऊन गेला तरी कुणी उठलं नाही.