दीड मीटरचं जाकीट: पन्हा, चौबगला आणि 1943 सालची कापडटंचाई

आजचा भाग विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकणाऱ्यांसाठी आहे. आणि ज्यांच्या घरी आईचं किंवा आजीचं शिवणयंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलंय, त्यांच्यासाठी तर आहेच.

प्रश्न साधा आहे. तुमच्याकडे दीड मीटर कापड आहे आणि पन्हा 36 इंच. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. एवढ्यात मोठ्या माणसाचं बाह्यांचं जाकीट होईल का? मोबाईलवर शोधलंत तर बहुतेक पॅटर्न म्हणतील, नाही, कापड कमी पडतंय. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या शिंप्याला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, होईल, वर खिसाही निघेल. असं का? त्याचं उत्तर शिवणापेक्षा इतिहासात जास्त आहे.

सुरुवात हातमागापासून करू. जुन्या हातमागावर विणकर धोटा एका हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. म्हणजे कापड किती रुंद होणार? त्याचे हात पोचतील तेवढंच. शिवाय एका विणकराला पुरेल एवढं सूत कातायला अनेक जणांचे हात लागत. त्यामुळे कापड अरुंद आणि महाग. गांधीजींच्या आत्मकथेत याचा एक मजेदार पुरावा आहे. साबरमती आश्रमात सुरुवातीला जी खादी विणली जायची, तिचा पन्हा फक्त 30 इंच होता. म्हणून त्यांनी गंगाबेनना बजावलं की महिन्याभरात 45 इंच पन्ह्याचं धोतर मिळालं नाही, तर मी आखूड पंचावर भागवेन. विसाव्या शतकातही मोठा पन्हा मिळणं एवढं अवघड होतं, बघा.

कापड इतकं मोलाचं असेल तर त्याला कात्री लावायची हिंमत कोण करणार? म्हणून तर धोतर, नऊवारी, उपरणं, पागोटं ही सगळी न कापता नेसायची, पांघरायची, बांधायची वस्त्रं. चोळी शिवायची, तर त्या कापडाचं मापच ठरलेलं. त्याला आपण 'खण' म्हणतो. ओटी भरताना आजही खण देतात. एक खण म्हणजे एका चोळीचं कापड. गुळेदगुड्डचे विणकर तो त्या हिशोबानेच विणत आले. म्हणजे कपड्याचं माप आधी मागावर ठरायचं आणि मग शिंप्याकडे यायचं.

आता जाकिटाकडे येऊ. आपल्याकडे त्याचे जुने भाऊबंद बरेच आहेत: बंडी, कोपरी, बाराबंदी. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये उत्तनच्या बाजूला कोळीवाडे आहेत. या किनाऱ्यावरच्या कोळी पुरुषांचा जुना पोशाख म्हणजे कमरेला रुमाल आणि अंगात कोपरी. बाराबंदी बघायची असेल तर मकरसंक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे फोटो काढून बघा. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त लगेच दिसतील.

या सगळ्या कपड्यांची कापणी जवळपास सारखीच. कापड खांद्यावरून दुमडायचं, म्हणजे खांद्याला शिवण नाही. अंग चौकोनी, बाह्याही चौकोनी. आता गंमत ऐका. चौकोनी अंगाला चौकोनी बाही सरळ जोडली, तर हात वर केला की काखेत ताण येतो आणि सगळा कपडा वर ओढला जातो. जाळं ओढणाऱ्या माणसाला असा कपडा काय कामाचा? यावरचा उपाय म्हणजे चौबगला. काखेत तिरका बसवलेला एक छोटा चौकोनी तुकडा. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यावर फारसं ताणत नाही, पण तिरपं ओढलं की ताणतं. हात उचलला की चौबगला उघडतो आणि अंग जागच्या जागी राहतं. आणि हा तुकडा निघायचा कशातून? उरलेल्या कातरणातून!

बटणांचाही हिशोब असाच. बाराबंदीला बटणं नाहीत, तिला बंद. तेही चिंध्यांच्या पट्ट्यांचे. काज-बटणाची सवय बरीचशी युरोपियन कपड्यांबरोबर आली. 'काज' हा शब्दच पोर्तुगीज 'काझा'वरून आला असं मानतात. काझा म्हणजे घर, बटणाचं घर! भाईंदरहून खाडी ओलांडली की वसई, आणि वसईवर 1534 ते 1739 अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं. आपल्या शर्टाला त्या काळाचं एक छोटं भोक अजून आहे म्हणायचं.

मग ही चौकोनी कापणी मागे का पडली? 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. गिरण्या वाढल्या, कापड मुबलक आणि स्वस्त झालं. एकोणिसाव्या शतकातच शिवणयंत्रही आलं. कचेरीत कोट हवा झाला. कोटाचा मुंढा गोल, बाहीचा माथा गोल, गळा गोल. गोल आकार अंगाला छान बसतो, पण दोन गोलांच्या मधलं कापड वाया जातं. गिरणीच्या काळात ते परवडत होतं.

ते परवडणं थांबलं दुसऱ्या महायुद्धात. जपानी कापड बंद झालं. गिरण्यांचा मोठा माल लष्कराकडे आणि परदेशी जाऊ लागला. 1943 च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धाआधीच्या सुमारे पाचपट झाले. मग जून 1943 मध्ये सरकारने 'कॉटन क्लॉथ अँड यार्न कंट्रोल ऑर्डर' काढली. कापडावर जास्तीत जास्त किंमत छापणं सक्तीचं झालं. तरी काळाबाजार काही थांबला नाही. जानेवारी 1948 मध्ये नियंत्रण उठवलं, भाव उसळले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावं लागलं.

इंग्लंडमध्येही तंगी होती. तिथे 1 जून 1941 पासून कपड्यांना कूपन लागू झाली. मोठ्या माणसाला वर्षाला 66 कूपन, आणि पुरुषाच्या एका जाकिटालाच 13 जायची. पुढच्या वर्षी तर खिसे किती असावेत यावरही बंधन आलं. जुनं वापरा, दुरुस्त करा, अशी मोहीम सरकारने चालवली. आपल्याकडे अशी मोहीम वेगळी लागलीच नसती. नऊवारी विरली की तिचं परकर-झबलं, कॉलर झिजली की उलटवून लावायची, बापाच्या कोटातून मुलाचं जाकीट, आणि त्यातूनही उरलं ते गोधडीत. पण हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. गोधडीलाही जुनी लुगडी लागतात. ज्या घरात एकच लुगडं होतं, तिथे उलटवायला काय असणार? काटकसरीचं कौतुक करताना हे विसरू नये.

चला, आता आपला दीड मीटरचा हिशोब. छाती साधारण 38 इंच धरू. कापड आधी धुऊन, आटवून घ्या. उरलेली लांबी 59 इंचांपेक्षा थोडी कमी असेल असं समजू.

36 इंच पन्ह्यातून 24 इंच रुंद आणि 54 इंच लांब पट्टा काढा. हे झालं अंग. खांद्यावर दुमडा, पुढचा भाग मधोमध उभा कापा, गळा छोटाच ठेवा. शिवणात आणि कडांना जाऊनही घेर 43-44 इंच मिळतो, म्हणजे सैल बसतं. बाजूला 12 इंचांची पट्टी उरली. तिच्यातून 18 बाय 12 चे दोन तुकडे, या बाह्या. खांदा खाली उतरत असल्यामुळे त्या कोपरापर्यंत येतात. उरलेल्यात 5 इंचांचे दोन चौबगले आणि एक खिसा. अंगाच्या टोकाला राहिलेल्या आडव्या तुकड्यातून गळ्याची पट्टी आणि बंद. कचऱ्यात जातं ते फक्त गळ्याचं अर्धचंद्र.

एक सांगून ठेवतो. हे जाकीट कोटासारखं अंगाला चपखल बसणार नाही. खांद्याखाली थोडी चुणी पडणारच, ती या कापणीचीच आहे. छाती 40 च्या वर असेल तर बाजूला कळी घालावी लागेल, त्यासाठी दुसऱ्या रंगाचा तुकडा बिनधास्त वापरा.

कात्री लावण्याआधी वर्तमानपत्रावर याच मापाचे चौकोन कापून कापडावर मांडून बघा. आणि घरात कुणी जुनं शिवणारं असेल तर त्यांना चौबगला म्हणजे काय ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तोंडी मिळत नाही, ते सरळ कापड हातात घेतात. भेटू पुढच्या भागात!