मोबाईलची झडती आणि बाबासाहेबांनी स्वीकारलेली दुरुस्ती

शहाद्यात भीमजयंतीचे नियोजन असो की एखाद्या गावातल्या अत्याचाराच्या तक्रारीचा पाठपुरावा, आपल्या चळवळीचे सगळे दप्तर आता मोबाईलमध्ये असते. पोलिसांनी फोन मागितला की कार्यकर्ता तो मुकाट्याने काढून देतो, कारण ‘कायदाच तसा आहे’ ही समजूत. तो तसा का राहिला, हा इतिहास आपण वाचलाच पाहिजे.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट मागणी केली होती: माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची आणि चीजवस्तूंची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये. मूलभूत हक्क उपसमितीच्या मसुद्यात हा हक्क होता. सल्लागार समितीत तो गळाला.

३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हीच तरतूद दुरुस्ती म्हणून घटना परिषदेत मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. त्यांचा मुद्दा असा होता की, या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच. पण उद्याचे विधिमंडळ त्या काढून टाकू शकते. व्यक्तिस्वातंत्र्यासाठी त्या इतक्या महत्त्वाच्या आहेत की त्या विधिमंडळाच्या हाताबाहेरच ठेवायला हव्यात. मसुदा समितीचा अध्यक्ष तयार असूनही ती दुरुस्ती अखेर नामंजूर झाली.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की, घटनाकारांनी झडतीविरुद्ध असा हक्क दिलेला नाही, मग तो आम्ही कुठून आणू? पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली ६३ वर्षे गेली.

आता आजचा कायदा पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम ९६ नुसार न्यायालय झडतीचे वॉरंट देते. पण कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही लेखी आदेशाने वस्तू मागवू शकतो. हा अधिकार जुन्या कलम ९१ मध्येही होता. नव्या कलमाने त्यात डिजिटल पुरावा असू शकणारी संपर्क साधने नाव घेऊन आणली. कलम १८५ खाली तातडीच्या कारणाने वॉरंटशिवायही झडती होते. कारणांच्या नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. म्हणजे न्यायालयाची सही अनेकदा नंतर येते, किंवा येतच नाही.

याने काय होते, ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसले. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांचा लॅपटॉप जप्त केला. अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की, त्यात मालवेअरद्वारे बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली होती. एनआयएने हे मानले नाही. विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनंतर. पुरावा खरा की खोटा, हे ठरण्याआधीच शिक्षा भोगून झाली!

काही जण म्हणतील, डिजिटल पुरावा आपल्यालाही लागतोच. बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरची जातिवाचक शिवीगाळ, हल्ल्याचा व्हिडिओ, यांवरच अनेकदा अ‍ॅट्रॉसिटीची केस उभी राहते. पण जालन्याच्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले की मूळ उपकरण हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र हवेच. पोलिसांच्या निष्काळजीपणाने तो पुरावा बाद झाला, तर सुटतो आरोपी आणि हरतो आपला माणूस. म्हणून प्रक्रियेचा आग्रह फिर्यादी म्हणूनही आपल्याच हिताचा आहे.

तेव्हा मित्रांनो, आपल्याकडे फोन मागितला तर भांडू नका आणि घाबरूही नका. लेखी आदेश मागा. जप्ती पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहून घ्या, प्रत घ्या. कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण झालेच पाहिजे. हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. मजकुरात एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो, म्हणून नंतरची ढवळाढवळ उघडी पडते. आणि वकिलाला लगेच कळवा.

चळवळीची मागणी यापुढची असली पाहिजे. तातडीचा अपवाद सोडून, मोबाईल उघडण्याआधी न्यायालयाची परवानगी कायद्याने सक्तीची करा. १९४८ मध्ये घटना परिषदेत जे हरले, ते आपल्याला मिळवायचे आहे.

जय भीम! जय संविधान!