‘बारगीर’ आणि ‘बर्गी’ : गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’

नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांकडे मराठी इतिहासलेखनाने प्रायः चौथाईच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले. त्या स्वाऱ्या ज्यांच्या दारी आल्या, त्यांची नोंद गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा ‘बारगीर’ ही मराठीत निव्वळ लष्करी संज्ञा. बंगालीत तिचा ‘बर्गी’ झाला आणि तो अंगाईगीतातही शिरला!

काव्याची चौकट पौराणिक आहे : पापभाराने त्रस्त पृथ्वी, शिवाची आज्ञा आणि तिचे निमित्त ठरणारा शाहू. परंतु गाव सोडणाऱ्यांचे वर्णन सुरू होताच ही चौकट कवीच्या हातून सुटते. पंडित पोथ्यांचे भारे, सोनार तराजू, कोळी जाळी घेऊन निघतात. येथे शोकाची विशेषणे नाहीत. उपजीविकेच्या साधनांची यादी तेवढी आहे. विचारावे तर बर्गी प्रत्यक्ष पाहिलेला कोणीच नसतो. इतर पळतात म्हणून तेही पळतात. हत्या, जाळपोळ, स्त्रियांवरील बलात्कार यांचे वर्णन त्यानंतर येते. भयाचा हा क्रम बखरींच्या विजयवर्णनांतून हाती लागणे शक्य नव्हते.

अखेरीस देवी भास्कर पंडितावर कोपते. १७४४ मध्ये अलिवर्दीखान त्याला भेटीस बोलावून मारवितो. कवीचा न्याय येथे पुरा होतो, इतिहासाचा होत नाही. स्वाऱ्या पुढे सात वर्षे चालल्या आणि १७५१ च्या तहात सालिना १२ लाख रुपयांची चौथाई ठरली. हस्तलिखिताच्या समाप्तीत या भागाला ‘प्रथम कांड’ म्हटले आहे. पुढील कांड उपलब्ध नाही.