एका फाइलीची दोन नावे

जुन्या वाड्यांतून बिऱ्हाडकरू बाहेर पडताना दाराला चिठ्ठी अडकवीत : 'किल्ली समोरच्या बिऱ्हाडी.' चिठ्ठी म्हणजे किल्ली नव्हे; पण वाचता येणाऱ्याचे काम तेवढ्यावर भागे. समोरचे बिऱ्हाड हलले, किंवा पाहुण्याला ती लिपीच येत नसली, तर मात्र तो उंबऱ्यावर खोळंबे. संगणकातील 'सिंबॉलिक लिंक' ही अशीच चिठ्ठी होय. ती कोणत्या लिपीत लिहावी, हा तिच्या इतिहासातला खरा वाद आहे.

अशा दुव्याची कल्पना 1965 साली अमेरिकेत 'मल्टिक्स' या यंत्रणेच्या आराखड्यात मांडली गेली. पुढे 1969 पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' उभारली, तेव्हा त्यांनी निराळा मार्ग धरला. तेथे फाइलीची खरी ओळख म्हणजे एक क्रमांक. नाव ही त्या क्रमांकाची केवळ नोंद. एका क्रमांकाच्या दोन नोंदी केल्या की झाली 'हार्ड लिंक'. यात अस्सल कोणते नि नक्कल कोणती, हा प्रश्नच उरत नाही. माहेरचे नाव आणि सासरचे नाव, माणूस एकच! शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत फाइल जिवंत राहते. परंतु हे क्रमांक ज्या त्या डिस्कविभागापुरते. दुसऱ्या विभागातील फाइलीला असे नाव देता येईना. ही अडचण बर्कलीच्या मंडळींनी 1983 च्या '4.2 बीएसडी' आवृत्तीत चिठ्ठीचा दुवा आणून दूर केली.

विंडोजचा संसार वेगळा. 1995 साली तेथे 'शॉर्टकट' आला. तो उघडतो तो मुख्यतः पडद्यावर टिचकी मारणाऱ्यालाच. इतर बहुतेक प्रोग्रामांच्या लेखी ती एक सामान्य फाइल. 2000 साली 'जंक्शन' आले, पण ते फोल्डरांपुरते. अस्सल सिंबॉलिक लिंक व्हिस्टाबरोबर, म्हणजे 2007 च्या सुमारास घरोघरी पोचली. पण ती करण्यास व्यवस्थापकाचा अधिकार लागे. 2017 मध्ये विंडोज 10 ने ती अट थोडी सैल केली.

मधल्या काळात विंडोजवर युनिक्सचे वातावरण देणाऱ्या 'सिगविन'ने एक युक्ती योजिली. लहानशा फाइलीत पत्ता लिहावा आणि तिला 'सिस्टिम' अशी खूण करावी. अधिकार नको, परवानगी नको. मात्र ही चिठ्ठी वाचणार फक्त सिगविन. उलट विंडोजची स्वतःची लिंक सर्वांना कळे, पण ती करण्याची मुभा सर्वांना नव्हती. निवड करावयाची ती या दोहोंत.

आम्ही सोपी बाजू निवडली आणि पस्तावलो. एका संस्थेच्या जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रती विषयवार लावताना एकच लेख इतिहासात आणि चरित्रातही दिसावा, म्हणून आम्ही सिगविनच्या शेकडो लिंका केल्या. पुढे सारा संग्रह पेनड्राइव्हवरून लिनक्सच्या यंत्रावर गेला. वाटेत 'सिस्टिम'ची खूण गळाली. उरल्या काही अक्षरांच्या निरर्थक फाइली. एका उत्साही स्वयंसेवकाने त्या कचरा समजून पुसल्या. त्याला काय बोल लावणार? लेख वाचले, वर्षभराची वर्गवारी गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही विंडोजची स्वतःची लिंक घेतली आणि पत्ता मुळापासून न देता 'इथून एक घर मागे, मग डावीकडे' अशा सापेक्ष रीतीने दिला, म्हणजे संग्रह सबंध हलला तरी तो चुकत नाही. येथे आणखी एक मेख आहे. विंडोजमध्ये फाइलीची लिंक वेगळी आणि फोल्डरची वेगळी. युनिक्समध्ये असा भेद नाही. म्हणून मूळ वस्तू आधी जागेवर ठेवावी, मग लिंक करावी. नाहीतर सिगविनला कोणत्या जातीची लिंक करावी हेच समजत नाही. आणि पेनड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या 'फॅट' पद्धतीत अशा लिंकांना जागाच नाही. तेथे नेताना आम्ही आता लेखाची सरळ दुसरी प्रत करतो, आणि कोणता लेख कोणकोणत्या विषयांत आहे याची साध्या मजकुराची यादी सोबत ठेवतो.